कपाटातलं लहान पिस्तूल

उत्तरा भोयर या पोरीवर हसणाऱ्यांत पहिला मी होतो, हे आधीच सांगून टाकतो. नत्थूजी उस्तादांची गोष्ट सांगताना मी लांब उभा राहून नुसतं पाहत होतो, असं कोणाला वाटायला नको.

आमचा नेमबाजीचा क्लब गोरेवाड्याच्या बाजूला, एका बंद पडलेल्या मुरमाच्या खाणीत होता. बासष्टच्या लढाईनंतर लोकांना बंदूक शिकायची हुक्की आली, तेव्हा धरमपेठेतल्या वकील-डॉक्टर मंडळींनी तो काढला. वामनराव वकील अध्यक्ष. मी विम्याच्या कचेरीत कारकून. आमच्या मोठ्या साहेबांच्या ओळखीनं सभासद झालो आणि दर रविवारी सकाळी सायकल हाणत जाऊ लागलो. शिकवायला होते नत्थूजी सहारे.

नत्थूजी मौद्याकडचे. पलटणीत अठरा वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलेले. पलटणीत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून आम्हीही उस्ताद म्हणायचो. सहा फूट उंची, आणि पंजा एवढा की चहाची कपबशी त्यात दिसेनाशी व्हायची. छप्पन साली रजा काढून आईला घेऊन ते नागपूरला आले होते आणि तिच्यासोबत त्यांनी दीक्षा घेतली होती. क्लबात त्यांचा मान होता, पण वामनरावांकडे जेवण असलं की उस्तादांचं ताट व्हरांड्यात वाढलं जायचं. त्यावर आम्ही कोणी बोललो नाही. तेही बोलले नाहीत. रेंजवर मात्र ते हायकोर्टाच्या वकिलाला "कोपर सरळ" म्हणत आणि वकील निमूटपणे कोपर सरळ करत. आता वाटतं, त्यांच्या हातात तेवढीच एक जागा होती, आणि ती त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

क्लबाकडे पॉइंट टू-टूची दोन पिस्तुलं होती. एक मोठं, विलायती, अक्रोडाच्या लाकडाच्या जाड मुठीचं. दुसरं लहान, बारीक मुठीचं, वरचा मुलामा उडालेलं. जंगलखात्यातला एक अधिकारी वारल्यावर त्याच्या बायकोनं ते क्लबाला दिलं होतं. हे लहान पिस्तूल कपाटात पडून असायचं. उस्ताद त्याला खेळणं म्हणत. सगळ्यांनी शिकायचं ते मोठ्यावर. उस्तादांच्या पंजात ते मोठं पिस्तूल इतकं नीट बसायचं की हात कुठे संपला आणि मूठ कुठे सुरू झाली ते कळू नये. पंचवीस मीटरवरून दहा गोळ्या मारल्या की काळ्या गोलाच्या मधोमध एक फाटकं भोक उरायचं, बस.

त्यांचा कायदा एकच होता. हत्यार तुमच्यासाठी बदलत नाही, तुम्ही हत्यारासाठी बदलायचं. हा कायदा ते कुठून शिकले तेही त्यांनी एकदा सांगितलं होतं. भरतीच्या वेळी त्यांना एक नंबर लहान बूट मिळाले. बदलून मागितले तेव्हा तिथला उस्ताद म्हणाला, पाय बुटात बसव. सहा महिने टाचा सोलून निघाल्या, मग पाय बसला. हे ते अभिमानानं सांगत.

उत्तरा भोयर चौऱ्याहत्तर साली आली. एकोणीस वर्षांची, कॉलेजात सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला, एन.सी.सी.तली. वडील एका दवाखान्यात कंपाउंडर. अंगानं किरकोळ, हात लहान मुलीसारखे, पण रायफलवर तिचा नेम आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा चांगला होता. म्हणून राज्याच्या निवडीसाठी तिला पिस्तुलावर तयार करायचं ठरलं.

पिस्तुलावर तिचा हात बसेना. काळ्या गोलावर नेम धरून मारायची आणि गोळ्या डावीकडे जायच्या. दर रविवारी डावीकडेच. उस्तादांनी तिला रिकामं पिस्तूल हात लांब करून दहा-दहा मिनिटं धरायला लावलं. मुठीत भाकरीच्या पिठाचा गोळा देऊन दाबायला लावला. तिनं सगळं केलं. शेवटी एका रविवारी तिनं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि सरळ सांगितलं, "उस्ताद, माझं बोट चापापर्यंत पुरत नाही. नुसतं टोक लागतं, त्यामुळे दाबताना पिस्तूल ढकललं जातं. कपाटातलं लहान पिस्तूल एकदा देऊन पाहता का?"

आम्ही दहा-बारा जण मागे उभे होतो. उस्तादांना कोणी असं विचारलेलं नव्हतं. ते तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बोट पुरत नाही का हिंमत पुरत नाही?"

मी हसलो. मग बाकीचे हसले. त्या हसण्यानं उस्तादांना जोर आला असावा. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं. ह्या पोरीचा हात कापते, अन् दोष हत्याराले देऊन राहिली." तिचा निशाणाचा कागद त्यांनी उतरवून आणला, सगळ्यांना दाखवला, भित्र्या हाताची गोळी कुठे जाते ते बोटानं समजावून सांगितलं. उत्तरा खाली पाहत उभी होती. नंतर दोन रविवार आली. निवडीला गेली, मोठ्या पिस्तुलानंच, आणि शेवटून दुसरी आली. मग तिची सायकल रेंजवर कधी दिसली नाही. मला तिची एकदाही आठवण आली नाही, हेही कबूल करतो.

पाच वर्षं गेली. एकोणऐंशीच्या दिवाळीत उस्ताद मौद्याला भावाकडे गेले होते. बैलांसाठी कडबा कापताना कुट्टीच्या मशीनच्या पात्याखाली उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट सापडलं. वरचं पेर गेलं. जखम भरायला तीन महिने लागले.

फेब्रुवारीत ते परत आले. पट्टी निघाली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मोठं पिस्तूल उचललं. दहापैकी सात गोळ्या काळ्याच्या बाहेर, डावीकडे. आम्ही म्हटलं, सवय होईल. तेही म्हणाले, होईल. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी आमच्यासमोर मारलंच नाही.

मार्चच्या सुरुवातीला एका बुधवारी मला रजा होती, म्हणून मी सहज रेंजवर गेलो. आतून गोळ्यांचा आवाज येत होता. उस्ताद एकटेच होते आणि त्यांच्या हातात कपाटातलं लहान पिस्तूल होतं. त्या प्रचंड पंजात ते हास्यास्पद दिसत होतं. करंगळी खाली लोंबत होती. पण चापावर त्यांचं तोकडं बोट पूर्ण टेकलेलं होतं. समोरच्या कागदावर गोळ्या मधोमध होत्या.

मला पाहून त्यांनी पिस्तूल टॉवेलखाली झाकलं. चोरी करताना सापडलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो तो मी त्या दिवशी पाहिला. मग ते म्हणाले, "अनंतराव, कोनाले सांगू नका." मी मान हलवली. मला वाटलं, तोकड्या बोटाची लाज असेल.

एक मेला क्लबाचा वर्धापनदिन. उन्हं चढायच्या आत कार्यक्रम उरकायचा होता. बाहेरचे पाहुणे आले होते आणि परंपरेप्रमाणे उस्तादांनी दहा गोळ्या मारून दाखवायच्या होत्या. त्यांनी कपाटातून लहान पिस्तूल काढलं. कुजबुज झाली. ते उभे राहिले, हात उचलला, शंभरापैकी चौऱ्याण्णव गुण मिळवले.

टाळ्या थांबेनात. वामनरावांनी शाल आणि नारळ देऊन भाषण केलं. बोट तुटलं पण उस्ताद तोच आहे, ते म्हणाले. आणि मुद्दाम कपाटातलं मोडकं खेळणं हातात घेऊन त्यांनी आज आपल्याला शिकवलं की नेम हत्यारात नसतो, माणसात असतो. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मोठं पिस्तूल त्यांना आता जमत नव्हतं, ही खरी गोष्ट मला ठाऊक होती. उस्तादांनी शाल अंगावर घेतली, हात जोडले आणि काही बोलले नाहीत.

त्यानंतर ते रेंजवर आलेच नाहीत. तब्येत बरी नाही असा निरोप आला. जूनच्या अखेरीस ते सीताबर्डीला माझ्या कचेरीत आले. गाल आत गेले होते. मी त्यांना खालच्या हॉटेलात नेलं. चहा समोर निवत राहिला. त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले.

पलटणीची सवय म्हणून ते प्रत्येक शिकाऊ माणसाचे कागद नावानिशी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवत. त्यातला एक होता उत्तराचा, चौऱ्याहत्तरचा. दुसरा त्यांचा स्वतःचा, फेब्रुवारीतला. त्यांनी एकावर एक ठेवून दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरले. भोकं जवळजवळ एकाच जागी होती.

"पह्यल्या दिवशीच समजलं मले," ते म्हणाले. "बोटाचं टोक चापाले लागलं अन् पिस्तूल डावीकडे सरकलं, तवाच ते पोरगी आठवली. तिनं मले शब्दनशब्द सांगितलं होतं. अन् मी तिले भित्री ठरवलं."

मी म्हटलं, तुम्हाला तेव्हा कुठे ठाऊक होतं. ते माझ्याकडे रागानं पाहू लागले. ठाऊक करून घ्यायला काय लागत होतं, त्यांनी विचारलं. पाच मिनिटं आणि दहा गोळ्या. आणि त्यांची खरी लाज त्याच्याही पुढची होती. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी गुपचूप तेच पिस्तूल काढलं, जे तिला नाकारलं होतं. ते वापरून शाल घेतली. वामनराव बोलले ते खोटं होतं आणि ते खोटं उस्तादांनी अंगावर पांघरून घेतलं. "चौऱ्याहत्तरची गलती होती, साहेब. पण मे महिन्यात जे केलं ते गलती नव्हती. ते समजून उमजून केलं."

मी तेव्हा त्यांना माझ्या हसण्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, "तुमी मले पाहून हासले. मी हासू देलं." आपल्यालाही आपला वाटा मिळाला, म्हणून मला उलट बरं वाटलं.

उत्तराचा पत्ता मी तिच्या वडिलांकडून काढला. ती रामटेकला होती. नवरा पाटबंधारे खात्यात, ती तिथल्या शाळेत गणित शिकवायची. उस्तादांनी मला सोबत चला म्हटलं. एकट्या परक्या माणसानं कोणाच्या सुनेकडे जाणं बरं दिसलं नसतं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी आम्ही एस.टी.नं निघालो. दोन्ही बाजूंना भाताची रोवणी चालू होती. सगळा रस्ता ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, तोकडं बोट मुठीत दडवून.

उत्तरानं आम्हाला लगेच ओळखलं. "या," म्हणाली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. नवरा बाहेरगावी होता. सासू तुळसाबाईंनी आम्हाला खाटेवर बसवलं, पोहे टाकते म्हणाल्या. उस्तादांनी त्यांना थांबवलं. "आई, तुमीही बसा. मी जे बोललो होतो ते चार लोकांसमोर बोललो होतो. आता एकट्यात सांगनं बरोबर नाही."

आपली सून कधीकाळी पिस्तूल चालवत होती हे तुळसाबाईंना ठाऊकच नव्हतं. त्या कधी सुनेकडे, कधी आमच्याकडे पाहत बसल्या.

उस्ताद उभे राहिले. "बाई, मी माफी मांगाले नाही आलो. मांगितली तं ते देनं तुमाले भाग पडन. मी फक्त सांगाले आलो. तुमी जे सांगितलं होतं ते सही होतं. पिस्तूल तुमच्या हातापेक्षा मोठं होतं. गोळी डावीकडे जाये ते बोट पुरत नव्हतं म्हनून. हात कापत होता म्हनून नाही. तुमचा हात कापतच नव्हता. मी झूठ बोललो."

त्यांनी हात पुढे करून तुटकं बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. लहान पिस्तुलाचं, टॉवेलचं, शालीचं. काही गाळलं नाही.

उत्तरा म्हणाली, एन.सी.सी.त अधिकारी होण्यासाठी कॉलेजनं तिचं नाव सुचवलं होतं. तिनं नाही म्हणून कळवलं. ज्या बाईचा हात कापतो तिनं पोरींना काय शिकवायचं, असं तिला वाटलं. स्कूटर शिकायला बसली तेव्हाही तेच वाटून सोडून दिलं. घरच्यांना वाटलं, तिला आवड नाही. हे सगळं ती फळ्यावरचं गणित सांगावं तशा आवाजात सांगत होती.

मग तिनं विचारलं, "तुम्हाला हे कळून किती दिवस झाले?"

"पाच महिने."

"आणि मी मागितलं तेव्हा कपाटाची किल्ली तुमच्याच खिशात होती ना?"

उस्ताद म्हणाले, "होती."

"बरं," ती म्हणाली आणि पोहे करायला आत गेली. तुळसाबाई तिच्या मागे गेल्या. आतून बोलण्याचा आवाज येत होता; सासू हळू आवाजात काहीतरी विचारत होती आणि उत्तरा उत्तर देत होती. आम्ही पोहे खाल्ले. उस्तादांनी ताटली पूर्ण संपवली. निघताना त्यांनी तिला क्लबात एकदा यायची विनंती केली. ती म्हणाली, शाळेचं खूप काम असतं.

पुढच्याच रविवारी उस्तादांनी रेंजवर सगळ्यांना गोळा केलं आणि रामटेकला जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. शाल घडी करून टेबलावर ठेवली. वामनराव अस्वस्थ झाले. जाऊ द्या उस्ताद, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय, म्हणाले. ज्यांनी हसण्यात भाग घेतला होता ते पायाखालचा मुरूम उकरत उभे होते. मी मोठ्यानं म्हटलं की पहिला मीच हसलो होतो. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. शाल तिथेच राहिली. शेवटी शिपायानं कपाटात टाकली.

त्या दिवसापासून शिकवणं बदललं. नवा माणूस आला की उस्ताद आधी त्याचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून घेत. मग डोळे मिटायला सांगत, हातात पिस्तूल देऊन हात वर करायला लावत, आणि डोळे उघडायला सांगत. नळी आपसूक निशाणाकडे असली तर हे पिस्तूल तुझं. मनगट वाकवावं लागलं तर नाही. ताराचंद नावाच्या ओळखीच्या सुताराकडून त्यांनी सागवानाच्या चार-पाच वेगवेगळ्या मुठी करून घेतल्या, आणि कानशीनं जागच्या जागी घासून देत. कोणाला अंगठ्याला टेकू हवा असायचा, कोणाला करंगळीखाली जागा. वामनरावांचा पंजा मांसल, त्यांना जड पिस्तूलच आवडायचं. हलकं दिलं की हात भिरभिरायचा. माझ्या तळव्याला घाम फार येतो. उस्तादांनी मुठीवर आडव्या-उभ्या रेघा कोरून दिल्या आणि माझे गुण बारांनी वाढले. नऊ वर्षं मी गुळगुळीत मुठीशी झगडत होतो आणि कधी तोंड उघडलं नव्हतं. का, ते आता वेगळं सांगायला नको.

लोक त्यांचं कौतुक करू लागले. दुसऱ्या जिल्ह्यातून माणसं हाताचा आकार दाखवायला येत. कौतुक सुरू झालं की उस्ताद उठून टार्गेटचे कागद बदलायला जात.

उत्तराला ते दरवर्षी क्लबाच्या स्पर्धेचं निमंत्रण पाठवत, माझ्याकडून लिहून घेऊन. उत्तर येत नसे. त्र्याऐंशी साली मात्र एक पोस्टकार्ड आलं. अक्षर गोल, सरळ. बदली चंद्रपूरला झाली, सासूबाई बऱ्या आहेत, आणि फेब्रुवारीत मुलगी झाली. शेवटची ओळ होती : हिचे हात माझ्यासारखेच आहेत.

उस्तादांनी ते कार्ड मला तीनदा वाचायला लावलं. ही ओळ माफीची आहे की टोमणा आहे, ते विचारत होते. मला सांगता येईना. मी म्हटलं, काही तरी उत्तर लिहू या; मुलगी मोठी झाली की घेऊन या, असं लिहू.

"नाही," ते म्हणाले. "ते म्हनाचा हक्क मले नाही. खुशाली लिहा. तिची तब्येत विचारा. बस."

मी तेवढंच लिहिलं. त्यांनी तोकड्या बोटानं पेन धरून खाली सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, म्हणून दुसरं कार्ड मागवून माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं आणि सावकाश, नीट सही केली. मग ते स्वतः चालत जाऊन टपालपेटीत टाकून आले.